रामपूरचं कॉलेज, मोठची मुलं

प्रति,
मा. संचालक,
राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय, नागपूर

महोदय,


आपलं महाविद्यालय मुळातलं आमच्याकडचं, इथपासून सुरुवात करतो. १९५६ साली ते उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी बिऱ्हाड नागपूरला हललं. रामपूर आमच्यापासून बरंच लांब, तिकडे रोहिलखंडात. म्हणजे 'आमच्याकडचं' म्हणणं थोडं ओढूनताणून झालं. पण काही मागायला आलेल्या माणसाला कुठलं तरी नातं काढावंच लागतं.

मी मोठहून लिहितोय. झाशीहून कानपूरच्या रस्त्याला लागलं की पारीछा, मग चिरगाव, मग आमचं मोठ, पन्नासेक किलोमीटर. तहसिलीचं गाव आहे, रेल्वे स्टेशन आहे. इथले लोक नाकात 'मोंठ' म्हणतात. नाशिकच्या माझ्या मामेबहिणीला मात्र दर वेळी विहिरीवरची मोट आठवते. आमचं घराणं झाशीचं. पंचवटीत देऊळ बांधणारे नारो शंकर अठराव्या शतकात झाशीचे सुभेदार होते. आमचे पूर्वज त्यांच्याबरोबर आले की त्यांच्या मागून, यावर घरात अजून दोन पक्ष आहेत. मोठला तेव्हा राजेंद्रगिरी गोसाव्याचा अंमल होता आणि नारो शंकरांनी त्याला इथून हुसकावलं, एवढं इतिहासात आहे. आता या भागात आमच्यासारखी 'दक्षिणी' घरं थोडीच उरली. इथल्या इंटर कॉलेजात तेहेतीस वर्षं मी विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. मुलं तरी येतात. पूर्वी गणितं घेऊन यायची, आता फॉर्म घेऊन येतात.

मागच्या उन्हाळ्यात असाच एक जण आला. नाव सांगत नाही. दहावीला माझ्या वर्गात होता. हुशार म्हणता येणार नाही, पण प्रयोगशाळेत काचेचं भांडं त्याच्या हातून कधी फुटलं नाही. हातात लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र होतं: 'डिप्लोमा इन फायर अँड सेफ्टी'. कोपऱ्यात सोनेरी गोल स्टिकर, खाली 'शासन नोंदणीकृत'. एका मोठ्या शहरातल्या खाजगी संस्थेने एक वर्षाचे साठ हजार घेतले होते. "माट्साब," म्हणाला, "भरतीच्या फॉर्ममध्ये हे कुठल्या रकान्यात भरू?"

मी चष्मा लावून फॉर्म दोनदा वाचला. असा रकानाच नव्हता.

नोंदणी होती, पण ती सोसायटी म्हणून. अभ्यासक्रमाला मान्यता कुणाचीच नव्हती. वर्षभरात काय शिकलास विचारलं. एक आवार होतं, त्यात आग विझवायची दोन नळकांडी, त्यातलं एक रिकामं. लाल हेल्मेट घालून फोटो काढले होते, हेल्मेट संस्थेचं आणि परत द्यायचं. पाण्याचा होज हातात कधी धरला नव्हता. आणि खरी गंमत, गंमत कसली म्हणा, ही की उत्तर प्रदेशात फायरमन व्हायला आधी कसला डिप्लोमा लागतच नाही. इथे अग्निशमन दल पोलीस खात्याच्या अखत्यारीत येतं. लखनौचं पोलीस भरती मंडळ जाहिरात काढतं, बारावी लागते, लेखी परीक्षा आणि धावणं होतं, आणि निवड झाल्यावर सरकारच शिकवतं. साठ हजारांत त्याला जे मिळालं नाही, ते निवड झाली असती तर पगारासकट मिळालं असतं.

ही गोष्ट आपल्याला ठाऊक नसेल असं नाही. आपल्या कॉलेजचं नाव उच्चारून, 'नागपूर पॅटर्न' म्हणून किती दुकानं चालतात याचा अंदाज आपल्याला माझ्याहून जास्त असणार. पण मोठच्या मुलाला तो अंदाज कुणी द्यायचा? इथे भिंतींवर, खांबांवर, टेंपोच्या पाठीवर जाहिराती असतात त्या याच दुकानांच्या. आपल्या कॉलेजची एक चिठ्ठीसुद्धा मी आजवर इथे चिकटवलेली पाहिली नाही.

मला जे ठाऊक आहे ते मी त्याला एका वहीत लिहून दिलं. ते इथेही लिहितो. चुकलं असेल तर आपण दुरुस्त करा, म्हणजे निदान पुढच्याला तरी बरोबर सांगेन.

महाराष्ट्रात हिशेब उलटा. तिथे आगीचा बंब नगरपालिकेचा किंवा महापालिकेचा असतो, आणि प्रत्येकीची जाहिरात वेगळी. बऱ्याच पालिकांना आधीच शिकलेला माणूस हवा असतो. त्यासाठी राज्य सरकारचं प्रशिक्षण केंद्र मुंबईत कलिन्याला आहे. दहावीनंतर सहा महिन्यांचा अग्निशामकाचा अभ्यासक्रम, आणि पदवीनंतर वर्षभराचा उपस्थानक अधिकाऱ्याचा. म्हणजे झाशीच्या मुलाने आधी कोर्स करून येणं म्हणजे पैसे पाण्यात, आणि नाशिकच्या मुलाने कोर्स न करता येणं म्हणजे पालिकेच्या दारावरूनच परत. एकाच देशातली एकच नोकरी. माझ्या मामेबहिणीचा नातू आणि हा माझा विद्यार्थी एकाच वयाचे आहेत, दोघांनी एकमेकांना सल्ला दिला असता तर दोघंही बुडाले असते.

मग केंद्राच्या वाटा. सीआयएसएफमध्ये कॉन्स्टेबल-फायर म्हणून वेगळी भरती असते, त्याला बारावी विज्ञान लागतं. विमानतळ प्राधिकरण आपल्या अग्निशमन सेवेत मुलं घेतं आणि स्वतःच शिकवतं, पण तिथे गाडी चालवण्याचा परवाना मागतात. आमच्याकडची मुलं ट्रॅक्टर बाराव्या वर्षापासून चालवतात आणि परवाना तिशीत काढतात, तिथेच अडतात. आणि सगळ्यात वर आपलं कॉलेज: सब-ऑफिसरचा अभ्यासक्रम, त्यापुढे स्टेशन ऑफिसर आणि इन्स्ट्रक्टरचा, मग डिव्हिजनल ऑफिसरचा, आणि बाजूला फायर इंजिनिअरिंगची पदवी.

आपल्या कॉलेजची एक गोष्ट मात्र मी वर्गात हमखास सांगायचो. २००२ साली नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर तुमच्याकडे पदवीला आल्या. तोवर तिथे फक्त मुलं. पुढे त्या देशातल्या पहिल्या महिला अग्निशामक म्हणून ओळखल्या गेल्या. हे सांगितलं की मागच्या बाकावरच्या मुली मान वर करायच्या. एकीने विचारलं होतं, "माट्साब, तिकडे जायला काय लागतं?" मी म्हणालो, रेल्वेचं तिकीट. विनोद म्हणून म्हणालो होतो. आता वाटतं, तेव्हाच नीट माहिती काढून द्यायला हवी होती.

आमच्या मुलांना धावायला शिकवावं लागत नाही, हेही सांगायला हवं. पहाटे पाचला स्टेशनच्या बाजूच्या रस्त्यावर पाहा. सैन्य, पोलीस, अग्निवीर, सगळ्या भरत्यांची धाव तिथेच. 'अग्निवीर' हे नाव मला पहिल्यापासून चमत्कारिक वाटत आलंय: नावात अग्नी, आणि आगीशी काडीचा संबंध नाही. पण काळाचा विनोद असा की २०२५ साली उत्तर प्रदेश सरकारने सैन्यात चार वर्षं करून परतणाऱ्या अग्निवीरांना पोलीस भरतीत २० टक्के आरक्षण ठरवलं आणि त्या यादीत फायरमनची पदंही आहेत. म्हणजे काही जण शेवटी खरंच आगीशी येऊन भिडणार.

आता शेतातलं सांगतो. आपल्याकडे अग्निशमन सप्ताह १४ ते २० एप्रिल. १९४४ च्या १४ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन हे जहाज फुटलं, त्यात ६६ अग्निशामक गेले, त्यांची ती आठवण. मोठमध्ये एप्रिलचा तोच आठवडा म्हणजे गव्हाच्या काढणीचा. वारा पश्चिमेचा, कोरडा, पायाखाली काड कुरकुरतं. आणि वरून जाणाऱ्या विजेच्या तारा दुपारच्या वाऱ्यात एकमेकींना घासतात, ठिणग्या पडतात.

दोन वर्षांपूर्वी एका शेताला अशीच आग लागली तेव्हा मी बांधावर होतो. उभ्या गव्हाची आग आवाज करते हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. जाड कापड फाडत जावं तसा एकसारखा आवाज. लोक कडुनिंबाच्या ओल्या फांद्या घेऊन धावले. धुराच्या बाजूने जायचं नाही, वारा पाठीशी ठेवायचा, हे कुणी ओरडून सांगत नव्हतं कारण कुणाला ठाऊकच नव्हतं. शेवटी वाचवलं ते एका ट्रॅक्टरवाल्या पोराने. त्याने कुणाला न विचारता नांगर खाली टाकला आणि आगीच्या पुढे, पिकाच्या चार ओळी उलथवून काळ्या मातीचा पट्टा काढला. आग त्या मातीपर्यंत आली आणि बसली. बंब, इथल्या भाषेत दमकल, आला तेव्हा लोक राखेत उभे राहून पाणी पीत होते. दमकलवाल्यांना शिव्या पडल्या. मला त्यांची दया आली. तहसिलीभर पसरलेली गावं, अरुंद रस्ते, मध्ये उसवलेले पूल. गाडी उडत येणार का?

त्या पोराला मी नंतर विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? "आजोबांनी." आगीचं खाद्य काढून घ्यायचं, हेच आपल्या कॉलेजात पहिल्या धड्यात असणार, मी वर्गात फळ्यावर त्रिकोण काढायचो: इंधन, उष्णता, प्राणवायू. त्याला त्रिकोण येत नव्हता. पण मला नांगर चालवता येत नव्हता.

यापुढचं लिहायला थोडं जड जातंय.

१५ नोव्हेंबर २०२४ ची रात्र. झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाला आग लागली. रात्री पावणेअकराच्या सुमारास. त्या रात्री दहा बाळं गेली. मोठची बाळंतीण अडली, बाळ अशक्त निघालं, की इथून पुढे पाठवतात ते झाशीलाच. त्यामुळे त्या रात्री आमच्या गल्लीत कुणी झोपलं नाही. जो तो फोनवर विचारत होता, आपलं कुणी आहे का तिथे.

महाराष्ट्रातल्या वाचकांना दुसरी तारीख आठवली असेल. ९ जानेवारी २०२१, भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालय, नवजात बाळांचा कक्ष. तिथेही दहाच बाळं. सात वाचली. भंडाऱ्यापासून आपलं कॉलेज तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे, हे मी आपल्याला सांगायला नको.

तेहेतीस वर्षं मी नववीच्या वर्गाला एक प्रयोग दाखवला. काडी पेटवायची, फुंकून विझवायची, टोकाला नुसता निखारा ठेवायचा, आणि ती ऑक्सिजनच्या परीक्षानळीत घालायची. भप्पकन पेटते. मुलं टाळ्या वाजवायची. झाशीची बातमी आल्यावर मला पहिल्यांदा ती परीक्षानळी दिसली. अशा कक्षातल्या हवेत प्राणवायू जास्तीचा असतो, यंत्रं दिवसरात्र चालू, तारा तापलेल्या, गाद्या-प्लास्टिक भोवती, आणि आत अशी माणसं ज्यांना मान सावरता येत नाही. तिथे आग म्हणजे मिनिटांचा खेळ. जगातला कुठलाही बंब त्या मिनिटांत पोहोचत नाही.

मग पोहोचलं कोण? जे तिथेच होते ते. झाशीला खिडक्या फोडून बाळं बाहेर काढली ती कर्मचाऱ्यांनी आणि बाळांच्याच नातेवाइकांनी. एका परिचारिकेचे कपडे पेटले तरी ती आत जात राहिली, हे तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. भंडाऱ्यालाही धूर पहिल्यांदा पाहिला तो परिचारिकेनेच. धाडस कमी पडलं असं कुणी म्हणू शकणार नाही. पण त्या परिचारिकेला नळकांडं चालवायला कुणी शिकवलं होतं का? सहा किलोच्या पावडरचं नळकांडं अर्ध्या मिनिटाच्या आत रिकामं होतं. म्हणजे कळ दाबल्यावर चुकीच्या जागी मारण्यात दहा सेकंद गेले तर निदान एक तृतीयांश संधी गेली. नळकांड्याचं तोंड आगीच्या बुडाशी धरायचं, ज्वाळेच्या शेंड्याशी नाही. चार बाळं एका खेपेत छातीशी बांधून नेता यावीत म्हणून खिशांचे कापडी एप्रन मिळतात. आमच्या गावचा शिंपी ते दोन दिवसांत शिवील. कुठला दरवाजा, कुठला व्हॉल्व्ह आधी बंद करायचा, अंधारात धुराखालून भिंत धरून कसं सरकायचं. हे सगळं शिकवायला वर्षं लागत नाहीत. पंधरवडा पुरे, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा एक दिवस.

म्हणून माझी मागणी ऐकताना आपल्याला वाटेल की हा शिक्षक मुलांच्या नोकऱ्यांबद्दल बोलतोय की रुग्णालयाच्या सुरक्षेबद्दल. मला ही एकच गोष्ट वाटते. आगीजवळ आधीपासून जो उभा आहे त्याला शिकवायचं, आणि जो शिकला त्याला पुढे चढायला शिडी द्यायची. आत्ता आपल्याकडे शिडी नागपुरात आहे आणि आग मोठमध्ये.

दुसऱ्या गणवेशातल्या, म्हणजे रुग्णवाहिकेवरच्या, मुलांचंही सांगतो. ते आपल्या खात्यात येत नाहीत, पण अपघाताच्या जागी ते आणि तुमचे लोक शेजारी शेजारी उभे असतात.

आमच्या हमरस्त्यावर अन्ना जनावरांचा सुळसुळाट आहे. 'अन्ना' म्हणजे मोकाट सोडलेली. बुंदेलखंडातली जुनी पद्धत, आता डोक्यावर बसलीय. थंडीत डांबर उबदार असतं म्हणून गाई रात्री रस्त्यावर बसतात. गेल्या डिसेंबरात धुक्यात एक मोटरसायकल अशाच गाईवर गेली. मी रिक्षातून येत होतो, थांबलो. चार जणांनी जखमी मुलाला हातापायांना धरून उचललं होतं, बोलेरोत टाकायला. तेवढ्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली. तिच्यातून उतरलेला पोरगा आधी ओरडला, "खाली ठेवा! मान हलवू नका!" आवाज ओळखीचा वाटला. माझाच विद्यार्थी निघाला. टॉर्च दातांत धरून त्याने मानेला पट्टा बसवला, कात्रीने पँट कापली, मांडीवर घडी करून कापड दाबलं आणि मला म्हणाला, "माट्साब, इथे दोन्ही हातांनी दाबून धरा, मी सांगेपर्यंत सोडू नका." तेहेतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला असा हुकूम दिला नव्हता. मी दाबून धरलं. मग त्याने एक-दोन-तीन म्हणताच सगळ्यांनी एकदम उचलून प्लास्टिकच्या बोर्डावर ठेवलं. वाटेत तो त्या मुलाशी बोलत राहिला: नाव काय, गाव कुठलं, माझं बोट दाब. झाशी तासाभरावर.

हा पोरगा डी. फार्म. झालेला, वर दीड महिन्याचं प्रशिक्षण. हुद्दा नुसता 'ईएमटी', म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन. सात वर्षं झाली, हुद्दा तोच, कंत्राट दर वेळी नवं. मी विचारलं, पुढे काय होतोस? तो हसला. "पुढे? पुढे गाडीच असते, माट्साब."

उत्तर प्रदेशात १०८ सुरू झाली २०१२ साली, आणि गाडीत ईएमटी असतो. महाराष्ट्रात २०१४ साली ९३७ गाड्यांनी सुरुवात झाली आणि तिथे गाडीत डॉक्टर ठेवला, बहुतेक आयुर्वेद-होमिओपॅथीची पदवी घेतलेला. दोन्हींच्या बाजूने बोलता येईल. माझं मत विचाराल तर मला आमच्याकडची पद्धत तत्त्वतः जास्त पटते: रस्त्यावरचं काम हे वेगळंच कसब आहे, डॉक्टरकीची लहान आवृत्ती नाही. मात्र मग त्या कसबाला शिक्षण आणि चढती वाट हवी. ती कागदावर आलीही आहे. संसदेने २०२१ साली सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्याच्या परिशिष्टात 'इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट (पॅरामेडिक)' असा स्वतंत्र व्यवसाय लिहिलेला आहे. लखनौच्या स्टेट मेडिकल फॅकल्टीकडे इमर्जन्सी आणि ट्रॉमाचा दोन वर्षांचा डिप्लोमाही आहे. पण सात वर्षं रात्री गाडीत काढलेल्या माणसाला दोन वर्षं घरी बसून पुन्हा पहिलीपासून शिका म्हणणं म्हणजे पोहणाऱ्याला बाहेर काढून पोहण्याचं पुस्तक देणं. त्याची सात वर्षं मोजा, उरलेलं शिकवा, परीक्षा घ्या, आणि मग म्हणा पॅरामेडिक.

असं एकदा घडलंही आहे: अमेरिकेतलं पिट्सबर्ग शहर. १९६७ च्या आधी तिथे रुग्णाला न्यायला येत ते पोलीस. उचलून व्हॅनमध्ये टाकलं की झालं. तिथल्या हिल डिस्ट्रिक्ट या गरीब काळ्या वस्तीतली, 'कामाला लावण्याजोगी नाहीत' असा शिक्का बसलेली तरुण मुलं पीटर साफर या डॉक्टरने हाताशी धरली. तोंडाने श्वास देण्याची आज सगळीकडे शिकवली जाणारी पद्धत रूढ करण्यात ज्याचा मोठा वाटा, तोच हा डॉक्टर. मुलांना तीनशे तासांचं शिक्षण दिलं आणि गाड्या दिल्या. फ्रीडम हाउस रुग्णवाहिका सेवा. अमेरिकेतल्या पहिल्या पॅरामेडिकांत आज त्यांची गणना होते. १९७५ साली शहराने स्वतःची सेवा सुरू केली, फ्रीडम हाउस बंद केलं, आणि ती शिकवलेली मुलं हळूहळू बाजूला पडली. मला यातला पहिला भाग आवडतो आणि दुसऱ्याची भीती वाटते. तीनशे तासांत आमच्या पहाटे धावणाऱ्या पोरांतून पॅरामेडिक घडू शकतो. पण शिडी काढून घ्यायलाही कुणाला फार वेळ लागत नाही.

तर मागणी.

पहिली अगदी स्वस्त आहे. एक पान. हिंदीत आणि मराठीत, मोठ्या अक्षरांत: अग्निशामक व्हायच्या खऱ्या वाटा कोणत्या, राज्यागणिक काय बदलतं, कुठे आधी कोर्स लागतो आणि कुठे नाही, आणि खाली ठळक: आमच्या नावावर कुणी पैसे मागितले तर देऊ नका. खाली कॉलेजचा शिक्का. प्रत्येक तहसिलीच्या इंटर कॉलेजात, स्टेशनवर, तलाठ्याच्या (इथे लेखपाल म्हणतात) कचेरीत. साठ हजारवाल्या माझ्या विद्यार्थ्याने हे पान कुठे पाहिलं असतं तर त्याच्या बापाचं दोन वर्षांचं मटारचं पीक वाचलं असतं.

दुसरी थोडी खर्चाची. आपण इन्स्ट्रक्टर तयार करता. त्यांतल्या काहींना काढणीआधी, मार्चमध्ये, पंधरवड्यासाठी तहसिलीला पाठवा. वर्गात तीन प्रकारची माणसं बसवा: सामुदायिक आरोग्य केंद्राच्या परिचारिका आणि वॉर्डबॉय, १०८ चे ईएमटी आणि चालक, आणि भरतीसाठी धावणारी मुलंमुली. एकत्र. परिचारिकेने होज धरावा, फायरमनने मानेचा पट्टा बांधावा, आणि ट्रॅक्टरवाल्या पोराने सगळ्यांना नांगराचा पट्टा दाखवावा. शेवटी छोटी परीक्षा, आणि तिचे गुण पुढच्या भरतीत किंवा आपल्याच सब-ऑफिसर प्रवेशात थोडे का होईना, धरले जावेत. पैसे कुठून, असं विचाराल. केंद्राने राज्यांच्या अग्निशमन सेवा सुधारायला २०२३ मध्ये ५,००० कोटींची योजना आणली. त्यातून गाड्या येतील, याव्यात. पण गाडी मोठला पोहोचायच्या आधीची जी मिनिटं आहेत, त्यांच्यावरही काही खर्च व्हावा.

आणि हे पत्र आरोग्याच्या त्या आयोगाकडेही पाठवतोय. दोन खात्यांत ते हरवेल याची मला पूर्ण कल्पना आहे. सरकारी कागदांबाबत माझा अनुभव तेहेतीस वर्षांचाच आहे.

मराठीत का लिहिलं, असंही वाटेल. आपलं कॉलेज मराठी मुलखात साठ वर्षांहून जास्त काळ आहे, आणि घरात आम्ही अजून मराठीच बोलतो. शिवाय भंडाऱ्याच्या आईबापांनाही हे वाचता यावं असं मनात होतं.

नागपूरहून झाशी एका रात्रीची गाडी, दिल्लीच्या मुख्य मार्गावर. झाशीहून कानपूरच्या बाजूची गाडी धरायची. सगळ्या इथे थांबत नाहीत, तेवढं बघून घ्यावं. स्टेशनवर मी येईन. इथल्या इंटर कॉलेजच्या मुख्याध्यापकांशी बोलून ठेवलंय, मैदान आणि दोन खोल्या मिळतील, पाण्याची टाकी आहे. येताना एक जुना होज आणा, भोकं पडलेला असला तरी चालेल. साठ हजारवाला पोरगा अजून विचारतो, तो गुंडाळायचा कसा.

आपला,
मोठ येथील एक निवृत्त विज्ञान शिक्षक